तारांची खोली

मेंदूचा आलेख काढताना पेशंटची पापणी हलली किंवा त्यानं दात खाल्ले, तरी रेषा वेड्यावाकड्या होतात. तेवढ्या भागावर आम्ही फुली मारायचो आणि उरलेला संशोधनासाठी ठेवायचो. आता निवृत्त होऊन बुलढाण्याच्या घरी बसलो आहे, तर संशोधन फारसं आठवत नाही. फुल्या मारलेलं मात्र सगळं आठवतं! या वयात हे लक्षण बरं की वाईट, कोण जाणे.

चिखलीला बसस्टँडच्या मागे आमची एक खोली होती. फिट येणाऱ्यांच्या डोक्याला तारा चिकटवायच्या आणि मेंदूतली वीज नोंदवायची, हे काम. लोकांनी तिचं नावच 'तारांची खोली' ठेवलं होतं.

तारा लावायची वनिता. तिला स्वतःलाही शाळेपासून फिट यायच्या. गोळ्यांनी त्या थांबल्या होत्या. घरी स्थळं पाहणं चालू होतं, आणि ही पहिल्याच भेटीत सगळं सांगून मोकळी व्हायची. पाहुणे अर्धा चहा ठेवून उठायचे.

"वनिता, जरा दमानं सांगत जा," मी म्हणायचो.

"कधी सांगू, सर? हार घातल्यावर?"

*

केसांना तेल असलं की तार चिकटत नाही. म्हणून आम्ही निरोप द्यायचो, "डोकं धुऊन या." लोक इमानदारीनं धुऊन यायचे. आणि वरून चापून तेल लावून यायचे!

"काऊन लावलं हो, आजी?"

"एवढ्या मोठ्या डॉक्टरकडं काय भुरकं डोकं घेऊन येऊ?"

शेवटी दारात बादली आणि शाम्पूच्या पुड्या ठेवल्या. पुढच्याच आठवड्यात रस्त्यानं जाणारी एक बाई दोन पोरं घेऊन आत शिरली. "याईचंही धुऊन द्या."

*

वडनेर भोलजीचे एक काका तारा लावून घेईनात.

"साहेब, यात मनातलं दिसते का?"

"नाही हो. नुसत्या रेषा दिसतात."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग बायकोले आत येऊ द्या."

*

फिट कशी येते, हे पेशंटला स्वतःला माहीत नसतं. ज्यानं पाहिली त्यालाच मी करून दाखवायला सांगायचो. एका पेशंटच्या थोरल्या भावानं जमिनीवर पडून अशी काही फिट दाखवली की बाहेरची सगळी रांग आत! कुणी कांदा फोडला, कुणी नाकाला चप्पल लावली.

"अबे, मले काही नाही झालं! पेशंट तो आहे!" भाऊ ओरडला.

चप्पल पेशंटच्याच हातात होती. "हुंग ना, दादा. मी किती वर्षं हुंगली!"

*

आलेखात झोपेच्या लहरी याव्यात म्हणून पेशंटला झोपवावं लागतं. एका पोरीला झोप येईना, तेव्हा तिच्या आजीनं पलंगाशी बसून अंगाई म्हटली. काय आवाज होता तो! थोड्या वेळानं वनितानं माझ्या खांद्याला हात लावला.

"सर, पोरगी टक्क जागी आहे. तारा तुम्हालेच लावू का?"

*

"बरा होईल ना?" असं कुणी विचारलं की मी लांबण लावायचो. बहुतेकांना गोळ्यांचा फायदा होतो, पण सगळ्यांना नाही, शिवाय आधी कारण पाहावं लागतं, आणि आपल्या नोंदीलाही मर्यादा असतात... असं माझं चालायचं. एका बापानं ते सगळं हात जोडून ऐकलं आणि वनिताकडे पाहिलं.

"सर हो म्हणून राह्यले," ती म्हणाली.

मी 'हो' म्हटलं नव्हतं. ते म्हणायला हवं होतं का, याचा विचार अजून करतो.

*

एकदा वनितानं पाहुण्यांना खोलीवरच बोलावलं. मुलगा आणि त्याची आई आली. मी चहा सांगायला उठलो, तेवढ्यात तिचं सुरू!

"काकू, मले फिट येते. गोळ्या चालू आहेत. तीन वर्षांत आली नाही, पण गोळी बंद करता येत नाही."

काकू माझ्याकडे पाहू लागल्या. आता या पोरीचं सगळं माझ्या एका वाक्यावर होतं, आणि माझी वाक्यं कशी असतात ते मला ठाऊक होतं. "त्याचं असं आहे, की साधारणपणे..."

"ते राहू द्या, साहेब," मुलगा म्हणाला. "हिले फिट आली तं म्या काय करायचं, तेवढं दाखवा."

"कुशीवर वळवायचं," वनिता म्हणाली. "तोंडात काही घालायचं नाही. दाबून धरायचं नाही."

"असं तोंडी नाही समजत. आई, तू झोप बरं खाली."

"मले झोपवतं का बे? नवी साडी आहे!"

"झोप ना. दोन मिनिटं."

काकूंनी पदर खोचला, सतरंजीवर आडव्या झाल्या आणि डोळे मिटून घेतले. मुलानं त्यांना जपून कुशीवर वळवलं. मग काकूंनी एक डोळा उघडला.

"पाह्य वं पोरी, बराबर झोपवलं का यानं?"

वनिता खाली बसली.

"हात गालाखाली घ्या, आई."