हात की टीव्ही?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सलून आहे. दोन खुर्च्या, एक लांब आरसा. मालकांना सगळे काकाच म्हणतात. मी कॉलेजात असल्यापासून त्यांच्याकडूनच दाढी करून घेतो. गप्पा कितीही रंगल्या तरी वस्तरा कधी घसरायचा नाही.

एके सकाळी ते म्हणाले, "आजपासून फक्त केस. दाढी बंद."

"का हो काका, वस्तऱ्याला सुट्टी?"

"हाताला," एवढंच म्हणून त्यांनी कात्री उचलली.

खरा प्रकार मला नंतर त्यांच्या मुलीने सांगितला. काकांना गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचं भारी वेड. मुलीने घेतलेला कन्सोल तिच्यापेक्षा तेच जास्त वापरायचे. सलून बंद केलं की सोफ्यावर ठाण मांडायचे. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात, आपल्या घरी बसलेला. इंटरनेटवरून दोघांची जुंपायची. जुन्या छोट्या टीव्हीवर काकांनी त्याला कितीदा तरी धूळ चारली होती. मग भिंतभर नवा टीव्ही आला. रस्त्यावरचा खडा न् खडा दिसायला लागला आणि काका हरायला लागले. वळणावर बटण दाबावं, तर गाडी किंचित उशिरा वळून कठड्यावर आदळायची.

"दादा, वय झालं तुझं!" भाऊ चिडवायचा.

काका हसण्यावारी न्यायचे, पण मनात पाल चुकचुकली होती. त्यांच्या वडिलांचे हात उतारवयात कापायचे, भरला कप धरवत नसे. आपलीही बोटं ऐकेनाशी झाली असतील, तर लोकांच्या गळ्याशी वस्तरा न्यायचा कसा? कुणाला काही न सांगता त्यांनी तो खणात ठेवून दिला.

काकूंनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा सगळं बाहेर पडलं. त्या त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. तपासण्या झाल्या, दोष काहीच निघाला नाही.

"बघा, बरे आहात ना?" घरी आल्यावर काकू म्हणाल्या.

"डॉक्टरांना काय कळतंय! त्यांनी मला वळणावर कुठे पाहिलंय?"

हे ऐकून मुलीने गेमचा रिमोट त्यांच्या हातून घेतला आणि स्वतः एक फेरी मारली. तिचीही गाडी कठड्यावर. ती घरूनच इमारतींचे नकाशे काढण्याचं काम करते. तिने कन्सोल उचलला, आपल्या खोलीतल्या मॉनिटरला जोडला आणि वडिलांना कामाच्या खुर्चीत बसवलं. पडदा लहान, आवाज फक्त हेडफोनमध्ये, खुर्ची ताठ. पहिलं वळण आलं. बटण दाबलं आणि गाडी वळली. काकांनी गाडी मागे घेतली आणि तेच वळण पुन्हा घेतलं.

"म्हणजे माझा हात..."

"ठणठणीत आहे, बाबा. आपला टीव्ही आधी चित्राला नटवतो, मग दाखवतो. सिनेमाला ते चालतं. पण तुम्ही बटण दाबता तेव्हा तो अजून मागचंच दाखवत असतो. मॉनिटर असले लाड करत नाही."

काका बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये पहिली दाढी माझी झाली.

घरी मात्र नवाच वाद उभा राहिला. काका मॉनिटरसमोरून उठेनात. "बाबा, मला काम आहे, टेबल सोडा!" शेवटी मुलीने टीव्हीच्या सेटिंगमध्ये शोधून गेमसाठीचा पर्याय चालू केला. रंग थोडे फिके झाले, पण नटवानटवी थांबली. मॉनिटर तरीही कणभर चपळच होता. पण तिथे मान आखडायची आणि काकूंना बसायला जागा नव्हती. इथे सोफ्यावर त्या शेजारी बसून "अहो, डावीकडे, डावीकडे!" करू शकत होत्या. काकांनी टीव्ही निवडला.

त्या संध्याकाळी भावाशी शर्यत लागली. काका अगदी थोडक्यात हरले.

"आता कुणावर ढकलणार?" टीव्हीचा सगळा प्रकार ऐकलेल्या भावाने विचारलं.

"कुणावरच नाही. तू चांगली चालवलीस," काका म्हणाले. "चल, आणखी एक."