लग्नाच्या सकाळची खाच

अर्जेंटिनातल्या एन्त्रे रिओस प्रांतात, आमच्या यहुदी वसाहतीत झेलिगकाका कोर्नब्लिट शोखेत होते. त्यांनी धर्माच्या रीतीनं कापलेलंच मांस आमच्या घराघरांत शिजायचं. कापण्याआधी आणि कापल्यावर ते सुरीच्या धारेवरून नख फिरवत. केसाएवढी खाच लागली तरी जनावर बाद.

माझ्या लग्नाच्या सकाळी त्यांनी आमचा तांबडा गोऱ्हा कापला. नवरीचा उपास धरून मी ओसरीवर बसले होते. काकांनी सुरी पुसली, नख फिरवलं. मग पुन्हा फिरवलं, अगदी हळू.

बाबा पाट्या घेऊन आले. "काका, सोलायला घेऊ?"

"नको, लेविक. खाच आहे."

बाबा पांढरेफटक पडले. "कापून झाल्यावर हाडाला लागून पडली असेल! मग तर चालतं ना!"

"सुरी हाडापर्यंत गेलीच नाही."

"दुपारच्या गाडीनं ब्वेनोस आयरेसहून साठ माणसं येतायत. कुणाला कळणार आहे? तुम्हाला अन् मला."

"मला कळलं ना. झालं."

बाबांनी त्यांची कॉलर धरली. "माझ्या पोरीच्या लग्नात धोंडे वाढू?"

मी उठून उभी राहिले. काकांनी कॉलर सोडवली नाही.

काकांच्या पत्नी ब्रायनाकाकू कुंपणातून धावत आल्या. बाबांचं एकेक बोट सोडवत म्हणाल्या, "भांडण उद्या करा, भाऊजी. आत्ता कोंबड्या गोळा करा."

शेजारचा रामोन गोऱ्हा गाडीत घालून घेऊन गेला. तो ख्रिस्ती, त्याला चालत होता. घराघरांतून कोंबड्या आल्या. काकांनी दुसरी सुरी काढली, नख फिरवलं आणि ती काकूंपुढे धरली. "तू बघ. आज माझ्या नखावर माझाच भरवसा नाही."

काकूंनी तीनदा तपासली. "गुळगुळीत आहे. चला, कापा."

दुपारपर्यंत अंगणभर पिसं झाली. चार वाजता मी लग्नाच्या छत्राखाली उभी राहिले. "एवढ्या लांबून आलो ते कोंबडी खायला?" असं सासूबाई कुजबुजल्या, ते मला ऐकू आलं.

आठवड्याभरात काकांनी नवा शोखेत धाडा म्हणून रब्बींना पत्र लिहिलं. बाबा दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत.

एकदा मी काकांना विचारलं, "काम आपण होऊन का सोडलंत?"

"त्या सकाळी खाच आहे हे सांगण्याआधी मी जरा थांबलो होतो, पोरी," ते म्हणाले. "गप्प बसावं, असं मनात येऊन गेलं. तीस वर्षांत पहिल्यांदा."