जाळीवरचा हार

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवते, आणि का मिरवू नये? आजोबांनी आणि बाबांनी मिठागरात पाय झिजवले, दादा दहावीनंतर डंपरवर चढला. मी बीएस्सी केलं आणि मग कम्प्युटरवर घरं उभी करायला शिकले. रेवसच्या बाजूला आमच्यासारख्यांच्या जमिनींवर जे बंगले उठतायत, ते बांधायच्या आधीच कसे दिसतील त्याची फिल्म मी करते. फाटक उघडतं, माडांमधून वाट जाते, अंगणाच्या जागी पोहायचा तलाव येतो. दादाने भराव टाकायचा आणि मी त्यावर खोटं घर उभं करायचं. फरक एवढाच, की त्याच्या कामाला घरात धंदा म्हणतात आणि माझ्या कामाला 'कम्प्युटरवर बसणं'.

या कामाने मशीन तापतं, आणि फार तापलं की स्वतःहून बंद पडतं. त्यात आमची हवा. खाडीवरचा वारा अंगाला गार लागतो, पण तो ओला आणि खारट असतो, लोखंड खातो. मशीन घेतलं तेव्हा कॅबिनेटचे पंखे दादाने पनवेलहून आणले, रंगीत दिव्यांचे, आणि स्वतःच बसवले. चारही पंखे हवा आत ढकलणारे.

"हवा आत गेली की गार होनारच ना," तो म्हणाला.

"आणि गरम हवा कुठून जाणार?"

"जाईल फटीतून. शिकलीस म्हून आता हवेला पन रस्ता दाखवनार काय गो?"

दाखवलाच. दिव्यांचे पंखे काढले. पुढच्या जाळीमागे मोठ्या पात्यांचे, सावकाश फिरणारे दोन बसवले, हवा आत घेणारे. मागे एक, बाहेर टाकणारा. वरही एक लावून बघितला, पण तो आत आलेली गार हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आधीच ओढून घ्यायचा. तो काढला आणि वरची जाळी मोकळी ठेवली, गरम हवा आपली आपण वर जाते. आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा किंचित जास्त ठेवली, म्हणजे फटीफटीतून हवा बाहेरच निघते, खारी धूळ आत शिरत नाही. हे सगळं मी अगरबत्तीने तपासलं. पेटवून पुढे धरली की धूर जाळीतून आत ओढला जायचा आणि मागून सरळ रेषेत निघायचा. पुढचे दोन पंखे एकाच वेगाने फिरले की मिळून घुमायचे, म्हणून एकाचा वेग थोडा उतरवला. मग आवाज असा बसला, की मशीन चालू आहे की बंद ते हात लावल्याशिवाय कळेना.

"देवाला एक काडी नि त्या डब्याला पुडा," आई म्हणायची.

तोवर मुंबईच्या एका ऑफिसकडून मला सुटं सुटं काम मिळत होतं. त्यांनी एक मोठा बंगला दिला आणि सांगितलं, हा नीट आणि वेळेवर द्या, मग तुम्हाला कायम घेतो, घरूनच करा. फिल्म द्यायची होती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. शेवटचं काम मशीनचं, एकेक चित्र काढून फिल्म बनवायचं; ते दसऱ्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत न थांबता चालायचं होतं.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते, त्या दिवशी हत्याराला आराम. फावडी, कोयते, डंपर आणि आता माझं मशीन. मी आधीच सांगून ठेवलं, माझं चालू राहणार. आईने तोंड वाकडं केलं. दादा म्हणाला, "चालू दे, हार घालून चालू दे."

सकाळी अंगणात डंपरची पूजा झाली. आई पुढच्या जाळीवर हार बांधायला गेली तर दादा ओरडला, "थितं नको गो आय, इंजिन तापंल. वर काचेखाली बांध." थोड्या वेळाने कंत्राटदाराचा फोन आला आणि चाकाखालची लिंबं चिरडून डंपर भरावावर निघाला.

"आज? दसऱ्याचा?" मी विचारलं.

"धंदा हाय तो."

आईने चिरडलेली लिंबं उचलून बाजूला टाकली. मी माझ्या मॉनिटरला हार घातला, कॅबिनेटला हळदकुंकवाचं बोट लावलं आणि याला कोणी हात लावू नका म्हणून बजावलं.

संध्याकाळी आईबरोबर आळीत सोनं द्यायला गेले. परत आले तर मशीन बंद पडलेलं. मॉनिटरवरचा हार दुहेरी करून पुढच्या जाळीवर घट्ट बांधलेला, झेंडूच्या पाकळ्या जाळीत ओढल्या जाऊन चिकटलेल्या. वरून आईचा पूजेतला नवा खण, तो मागच्या पंख्यावर लोंबत होता. हात लावला तर चटका बसला.

"कोणी केलं हे?"

"मी," दादा म्हणाला. "कंत्राटदार आलेले सोना द्याला. त्या डब्याचा दिवा चालू दिसत होता. दसऱ्याचा हत्यार चालू, काय म्हनतील? जरासा झाकला."

"त्याच्याच कामावर तुझा डंपर दिवसभर पळाला ना?"

"त्या वेगला गो," तो म्हणाला आणि चहा प्यायला लागला.

मशीन मध्येच बंद पडल्याने अर्धवट राहिलेली फाईल उघडेचना. परत करायचं तर पुन्हा अख्खा दिवस हवा होता. सकाळी ऑफिसला फोन केला. तिथल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सण आमच्याकडेही होता, ताई." बंगला दुसऱ्या कोणाकडे गेला. कायमच्या कामाचं परत नाव निघालं नाही.

चार दिवसांनी दादा डंपर धूत होता. काचेखालचा हार वाळून लटकत होता. मी विचारलं, "दसऱ्याला सकाळी आईला डंपरच्या जाळीवर हार का बांधू दिला नाहीस?"

तो पाण्याचा पाइप तसाच धरून माझ्याकडे बघून हसला. "पुढून हवा नाय भेटली तर इंजिन तापनार नाय? येवढा पन कलत नाय, ग्रॅज्युएट?"

मला वाटलं होतं, बोलता बोलता त्याच्या ध्यानात येईल. तो चाकांकडे वळला. त्याला सगळं माहीत होतं, फक्त माझ्या खोलीतही एक इंजिन आहे हे त्याच्या लेखी नव्हतंच. मी आत आले, कॅबिनेटची जाळी काढून मांडीवर घेतली आणि अडकलेल्या पाकळ्या चिमट्याने काढत बसले.