स्पिरिदोनची सरकारी जागा

माझ्या बहिणीचा मुलगा स्पिरिदोन बोलायला बसला की समोरच्याला जांभया येतात, पण गायला लागला की बायका रुमाल शोधतात. आठवडाभर सॉ मिलमध्ये फळ्या कापायच्या आणि रविवारी चर्चमध्ये पाद्रींच्या प्रार्थनेला गाऊन उत्तर द्यायचं, हेच त्याचं आयुष्य. तिशी उलटल्यावर त्याच्या मनाने घेतलं, आपण पाद्री व्हायचं. बिशपांनी आशीर्वाद दिला, पण विद्यापीठाची फी कोण देणार? रोमानियाचं सरकार धर्मशास्त्राच्या काही मुलांची फी भरतं. प्रवेश परीक्षा देऊन त्यातली जागा मिळाली तर ठीक, नाहीतर जन्मभर फळ्या.

माझा नवरा तोआदेर ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि एकाही संताला मानत नाही. मक्याच्या पिठाची ममालिगा खाता खाता तो स्पिरिदोनला म्हणाला, "म्हणजे माझ्या करातून तू धूप फिरवायला शिकणार? आणि आपल्या पुलाला कठडा नाही तो नाहीच!"

"काका, तुम्ही पुलावरून पडलात तर प्रार्थना म्हणायला कोणीतरी लागेल ना?"

"आधी पास तर हो!"

लेखी परीक्षा बरी गेली. राहिली गाण्याची. मी सोबत गेले, कारण एकटा सोडला असता तर हा स्टेशनवरूनच परत फिरला असता. उकाड्यामुळे परीक्षेच्या खोलीचं दार उघडं होतं, मी बाहेर रांगेतल्या मुलांजवळ उभी. आत टेबलामागे तीन दाढीवाले प्राध्यापक, तिघेही पाद्री.

"हं, गा," मधले म्हणाले.

स्पिरिदोन गप्प.

"घाबरू नकोस, बाळा. गा."

तरी गप्पच! माझा जीव टांगणीला. मेल्या, तोंड उघड! पण तो हात जोडून त्यांच्याकडे नुसता बघत होता, जसा रविवारी आमच्या पाद्रींकडे बघतो. एका प्राध्यापकांनी शेरा लिहायला पेन उचललं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी सरळ आत डोकं घातलं.

"अहो फादर, आधी तुम्ही सुरू करा! पाद्रींच्या आधी यानं जन्मात तोंड उघडलेलं नाही!"

"बाई, तुम्ही कोण?"

"मावशी!"

दोघे हसले. तिसरे, सगळ्यांत म्हातारे, हसले नाहीत. ते उठले, झगा नीट केला आणि गायले, "शांत मनाने प्रभूची प्रार्थना करू या."

"प्रभो, दया कर," स्पिरिदोनने उत्तर दिलं.

काय तो आवाज! खिडक्यांच्या काचा थरथरल्या. म्हाताऱ्या फादरांनी दुसरी ओळ घेतली, तिसरी घेतली, थांबायचं नावच नाही. बाहेर रांगेतली मुलंही गायला लागली, राहवेना त्यांना. मी भिंतीला टेकून ढसाढसा रडले.

यादीत स्पिरिदोन पहिला आला. सरकारी जागा त्याची!

त्या रविवारी लग्नानंतर पहिल्यांदाच तोआदेर चर्चमध्ये आला. "देवासाठी नाही हं," त्याने मला बजावलं. "माझा पैसा कुठे जातोय ते बघायला आलोय."

पाद्रींनी सुरुवात केली, स्पिरिदोनने उत्तर दिलं, आणि मागून ट्रॅक्टरसारखा खरखरीत, पार बेसूर आवाज आला, "प्रभो, दया कर!"

सगळं चर्च मागे वळलं.

"बघताय काय?" तोआदेर ओरडला. "त्याची फी मी भरतोय!"

मग काय, कर तर सगळेच भरतात. पुढच्या ओळीला अख्खं चर्च गर्जलं.