आईच्या गुलाबाची काडी

लोणावळ्यात आमच्या घरासमोर रेल्वेचं फाटक होतं. तिथल्या फाटकवाल्यांना सगळे चाचा म्हणत. गाडी गेली की ते आपल्या खोलीपुढच्या गुलाबांशी बोलत बसत. गुलाबाची काडी तिरपी कापायची, टोक मधात बुडवायचं, चुलीतली राख लावून मातीत खोचायचं आणि वर काचेची बरणी उपडी घालायची, ही त्यांची रीत. कुणी विचारलं, "लागली का?" तर म्हणत, "आत्ता पुसू नका. लाजती ती."

आई गेली त्या वर्षी घरमालकानं भिंत बांधायला तिच्या हातचा गुलाब उपटून टाकला. मी शाळेतून आले, तर त्या जागी खड्डा. मी ओट्यावर बसून खूप रडले. चाचा फाटकातून बघत होते, पण एक शब्द बोलले नाहीत. मला त्यांचा रागच आला.

दिवाळीच्या आधी त्यांनी मला हाक मारली. तेलाच्या डब्यात वीतभर रोप होतं.

"तुज्या आईचा गुलाब हाय. कचऱ्यातनं नऊ काड्या उचलल्या हुत्या. एक जगली."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"आठ वाळल्या, पोरी. ही बी वाळली असती, तर तुला दुसऱ्यांदा रडावं लागलं असतं."

मी डबा दोन्ही हातांनी उराशी धरला. आभार मानायचं सुचलंच नाही. अजूनही त्या गुलाबाची काडी कुणी मागितली, तर मी नुसती काडी देत नाही. घरी लावते, जगली की रोप नेऊन देते.