कन्व्हर्टेड म्हणतात मले

माह्या हातच्या पुऱ्या वेगळ्या टोपल्यात टाकल्या. वर्ध्यात, आमच्या कॉलनीत, सव्वीस जानेवारीचं सगळ्यांचं जेवण होतं. बाया घरून आपापलं पोळपाट-बेलणं आणतात, गोल करून बसतात, गप्पा मारत पुऱ्या लाटतात. मीही गेलती. लाटता लाटता पाहते तं काय, तळणारी बाई माह्याच पुऱ्या बाजूले सारून राह्यली. मी विचारलं, काऊन वं, जाड झाल्या का? तिनं दुसरीचीच पुरी कढईत सोडली. अध्यक्षांची बायको उठून आली, माह्या खांद्यावर हात ठेवला.

"काकू, तुम्ही कन्व्हर्टेड ना? आमचं काही नाही हो, पण सासूबाई जेवणार आहेत. तुम्ही नंतर पत्रावळी उचलायला मदत करा."

सगळ्या ऐकत होत्या. एकीचंही बेलणं थांबलं नाई. त्या पुऱ्या शेवटी मंडपवाल्यांले दिल्या. मी पत्रावळीले हात नाई लावला. पिठाच्या हातानंच घरी आली.

रागापेक्षा थकवाच जास्त आला, खरं सांगते. सत्तरीले आली मी. गावात होती तवा शब्द उघडे होते, तोंडावर मारायचे. आता इंग्रजीत धुऊन-पुसून देतात. एवढाच फरक.

मी चौथी शिकली. बाकी सगळं एकटीनं, किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. विहारातल्या वाचनालयात गेली, शब्द कुठून आला तेही सांगणारी जाडी डिक्शनरी काढली. ज्या शब्दानं मले पुऱ्यांवरून उठवलं, तो आहे तरी काय? कन्व्हर्ट. जुन्या लॅटिनमधून आला म्हणे. वळणं. पुरतं वळणं. नांगरानं जमीन उलथवणं, त्यालेही ते लोक यातलंच क्रियापद वापरत. बस. बाटणं त्यात कुठंच नाई.

अन् मले बाप दिसला. समुद्रपूरकडं आमचं गाव. कोणी मेलं की पाहुण्यांच्या गावी सांगावा न्यायचं काम आमच्या घराचं. उन्हात, पावसात, पायी. तिथंही अंगणाबाहेरून ओरडून सांगायचं, वरून ओतलेलं पाणी प्यायचं. छप्पन साली बाप नागपूरले गेला, दीक्षा घेऊन आला. माहा जन्म त्याच्यानंतरचा. आई सांगे, थोड्याच दिवसांत पाटलाचा गडी बोलवाले आला. बाप म्हणाला, "तुमचं माणूस गेलं, वाईट झालं. पण सांगावा आता तुमच्या पोरानं न्यावा." अन् वळून घरात गेला. गावानं मजुरी बंद केली. आई कामासाठी पार जाम गावापर्यंत चालत जाय.

कोणी आम्हाले ओढून नेलं नाई. समजून-उमजून वळलो.

महिला दिनाच्या आधी तीच अध्यक्षांची बायको दारात आली. कार्यक्रम आहे काकू, चहाच्या कपांचं तुम्ही बघा. मी बसवलं, पाणी दिलं. तिनं गिलास नुसता हातात धरला. प्याली नाई.

मी म्हटलं, "कप मी नाई धुणार. माह्या हातचं सगळ्यांच्या ताटात पडत असंन, तं बोलवजो."

"काकू, तुम्ही फारच मनाला लावून घेता."

गुडघे दुखतात माहे. भांडायचा कंटाळा आला आहे. तरी कॉलनीच्या पुढच्या सभेत मी उभी राहीन, सगळ्यांसमोर विचारीन, त्या पुऱ्या काऊन वेगळ्या केल्या. उत्तर नाई मिळालं तं त्याच्या पुढच्या सभेत. मले समजावू नका. उत्तर द्या.