मागच्या सीटखालचा अंगठा

जुनी गाडी घ्यायची म्हटलं की लोक आधी पैसे जमवायचे आणि मग मामांना गाठायचे. मामा डेंटर होते. ठोकलेल्या, चेपलेल्या, भिंतीला घासलेल्या गाड्या सरळ करून द्यायच्या, हा तीस वर्षांचा धंदा. पण नाव झालं ते निराळ्याच कारणाने. वापरलेल्या गाडीच्या अंगावर ते मधल्या बोटाचं पेर टकटक वाजवत फिरायचे आणि सांगायचे, हे दार मूळचं, ह्या दारात खड्डा बुजवायला पुट्टी भरलीय, ते बोनेट दुसऱ्याच गाडीचं. पत्रा खणखणतो आणि पुट्टी बद्द वाजते. ऐकायला सोपं आहे, करून बघा. बोट सुजेल, कळणार काही नाही. म्हणून सगळे त्यांना बोटमामा म्हणायचे. मामांना ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोला.

त्यांची सख्खी भाची चिंगी. बाहेर ती लॅबमध्ये रक्त तपासते, चौतिशीची आहे, हाताखाली माणसं आहेत. पण मामांच्या लेखी चिंगी ती चिंगीच. तिला एकच वेड होतं: बुटकी, छोटी, सुसाट पळणारी गाडी. नवी परवडणार नव्हती. घरचे म्हणाले, बाई गं, साधी शहाणी गाडी बघ. ती म्हणाली, "शहाणी मी आहे ना, मग गाडी कशाला शहाणी हवी?" अकरा वर्षं स्कूटर हाकली, पैसे साठवले आणि एका सकाळी मामांना फोन केला. "मामा, मिळाली. लाल आहे, दोन सायलेन्सर आहेत, डिकीवर शेपटी आहे आणि माझ्या पैशांत बसतेय. तू फक्त येऊन बोट लाव."

मामा शर्ट बदलून निघाले. जुन्या गाड्यांच्या त्या बाजाराचं फाटक दिसलं आणि ते जागीच थांबले. हा शेठचा बाजार. एके काळी शेठ अपघातातल्या गाड्या मातीमोल भावाने उचलायचे आणि मामा त्या चकचकीत करून द्यायचे. पाच वर्षांपूर्वी मामांनी ते काम सोडलं. मामीला सांगितलं, की शेठ फार घाई करतात. खरं कारण मामांनी स्वतःलाही कधी धड सांगितलं नव्हतं.

"या उस्ताद," शेठ खुर्चीतून उठले. "ही तुमची भाची? मग प्रश्नच मिटला."

गाडी होतीच तशी. लाल, तुकतुकीत, जमिनीला चिकटून उभी. चिंगी तिच्याभोवती अशी फिरत होती की मामांना ती सात वर्षांची दिसायला लागली. मामांनी बोट लावलं. पुढचा भाग खणखणीत. दारं खणखणीत. छप्पर खणखणीत. मागच्या चाकाच्या वर मात्र आवाज किंचित बसला, इतका किंचित की दुसऱ्या कुणाला कळला नसता. मामांनी डिकी उघडली, गालिचा उचलला, मागच्या सीटच्या बुडापर्यंत हात घातला. जोडाच्या फटीत डिंकासारखं सीलंट भरतात, ते दाबून बसवतात. इथे ते कुणीतरी अंगठ्याने दाबलं होतं. सुकलेल्या सीलंटमध्ये ओळीने ठसे होते आणि प्रत्येक ठशातून एक तिरकी रेघ गेली होती.

मामांच्या उजव्या अंगठ्यावर तिरका वण आहे. विशीत पत्र्याने कापल्याचा.

मग सगळं आठवलं. मागून ट्रकने ठोकलेली गाडी, बंपर नाही, डिकी नाही, तळ सुरकुतलेला. तेव्हा तिला शेपटीही नव्हती. मामांनी साखळी लावून ती ओढली होती. फाटलेल्या जागी पत्र्याचं ठिगळ लावलं, वेल्डिंगचे चार टाके मारले, वरून पुट्टी. शेठ म्हणाले होते, "बाहेरून दिसलं नाही म्हणजे झालं." आणि बाहेरून दिसलं नव्हतं, कारण काम मामांचं होतं.

"काय मामा?" चिंगीने वाकून विचारलं.

मामा डिकीतून बाहेर येईनात. शेठ पलीकडून अगदी गोड आवाजात म्हणाले, "उस्तादांना विचारा की. ह्या गाडीची त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती."

चिंगीला वाटलं, मामाचं कौतुक चाललंय. ती हसली. त्या हसण्यासमोर मामांना सांगता येईना. नको घेऊस म्हणायचं, तर ती विचारणार, का? आणि का ते सांगायचं, तर शेठ उभेच होते, मामांचं नाव घ्यायला. मामांनी गालिचा नीट अंथरला. हात पुसले.

"घे," ते म्हणाले. "चांगली आहे."

झालं. तीन शब्दांत माणूस कामातून गेला. परतताना चिंगीने त्यांना पुढे बसवलं, गाडी सणसणत आली, आणि मामा सबंध रस्ताभर आपला अंगठा मुठीत दाबून बसले. घरी मामीने विचारलं, कशी आहे गाडी? मामा म्हणाले, लाल आहे. आणि जेवायचं नाही म्हणाले.

पुढचे पंधरा दिवस मामांनी तोंड लपवण्यात घालवले. गल्लीत गाडीचा आवाज आला की ते गॅरेजच्या मागच्या बाजूला जाऊन हातोडे पुसायचे. हातोडे कधी कुणी पुसतं का? चिंगीने लॅबभर सांगितलं होतं, की मामाने बोट लावून घेतलीय. त्यामुळे आणखी दोघे आपापल्या गाड्यांसाठी विचारायला आले. मामांनी त्यांना हाकललं. "डोळे नाहीत तुम्हाला? आपले आपण बघा," म्हणाले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला शिष्टपणा आला.

खरा घाव घातला तो मामांच्या ताईने, चिंगीच्या आईने. ती रस्त्यात भेटली आणि कौतुकाने सांगू लागली, "पुढच्या सीटवर माझे गुडघे आखडतात रे. मी मागे पाय पसरून बसते, ऐसपैस. चिंगी पळवते इतकी, पण मला काही भीती वाटत नाही. तू बघितलीयस ना."

मागून कुणी नुसतं धडकलं असतं, तर ते ठिगळ कागदासारखं उकललं असतं आणि ताई नेमकी तिथेच बसत होती. लाज त्यांना आधीही वाटत होती, पण ती आपल्या नावाची होती. ही लाज वेगळी होती. ही अंगभर पसरली.

तरीही, सांगायचं की नाही? नाही सांगितलं. इतक्या लाजेनंतरही माणसाने पुन्हा लपवाछपवीच केली. चिंगीला म्हणाले, "डिकीत पाणी झिरपेलसं वाटतंय. आठवडाभर गाडी ठेव माझ्याकडे." तिने आनंदाने किल्ली दिली, वर "थँक्यू मामा" म्हणाली. मामांचा बेत असा, की गुपचूप सगळं कापायचं, नवा पत्रा घालायचा, पक्कं वेल्डिंग करायचं आणि कुणाला काही कळू न देता गाडी परत करायची. चूक मिटेल, अब्रूही राहील.

तिसऱ्या दिवशी दुपारी चिंगी आली. आईचा चष्मा गाडीत राहिला होता. मामा वेल्डिंगची काच तोंडावर धरून वाकले होते, त्यांना कळलंच नाही. काच खाली केली तेव्हा ती समोर उभी होती. लाल गाडीचा मागचा भाग उघडा पडलेला, जुनं ठिगळ कापून जमिनीवर टाकलेलं, पुट्टीचे बोटभर जाड तुकडे सगळीकडे.

"हे पाणी झिरपण्याचं आहे?" तिने विचारलं.

चिंगीने ठिगळ उचललं. रक्ताच्या काचा बघणारी मुलगी, नजर तिची बारीक. सीलंटवरचे ठसे तिने पाहिले, मग मामांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्या अंगठ्यावर लहानपणी तिने कितीदा फुंकर घातली होती.

"तू केलं होतंस?"

"मीच."

"आणि त्या दिवशी तुला कळलं होतं?"

"बोट लावल्या लावल्या." मामा खाली बघून बोलत होते. "शेठने माझं नाव घेतलं असतं तुझ्यासमोर. मला लाज वाटली गं. म्हणून घे म्हणालो."

"आई मागे बसते, मामा."

"माहीत आहे."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती रडलीही नाही. तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, पर्स मांडीवर घेतली आणि बसली.

"कर पुढे. ह्या वेळी मी बघतेय. पुट्टी लावायच्या आधी प्रत्येक टाका मला दाखवायचा."

मामांनी मान हलवली. तीस वर्षांत पुट्टीखालचं काम कुणी बघायला मागितलं नव्हतं. त्यांनी काच उचलली.

"मामा," ती मागून म्हणाली. "ही एकच होती का?"

मामांनी काच खाली ठेवली. मग उजव्या हाताचं एकेक बोट दुमडत ते सांगू लागले. एक निळी, शाळेतल्या बाईंनी घेतलेली. एक पांढरी, ती टॅक्सी म्हणून चालायला लागली. दोन करड्या, जोडीनेच आल्या होत्या. एक हिरवी, त्या नवराबायकोला तेव्हा नुकतं मूल झालं होतं.

पाच झाल्या. अंगठाही दुमडून झाला होता. मामांनी डावा हात पुढे केला.